दोन घरांतलं बी

लावणी कुठवर आली, हे धोंडाबाई दिवसातून वीस वेळा विचारायच्या. पौष असो नाहीतर वैशाख, त्यांच्या डोक्यात आषाढ मुक्कामालाच होता. आणि त्यांची धाकटी सून प्रेरणा मोरीतून, चुलीपुढून, गोठ्यातून, असेल तिथून उत्तर द्यायची, "खालच्या वावरात आलीया, आत्याबाई. उद्या वरच्या." मार्चात वावरात नुसती ढेकळं असली तरी हेच उत्तर. त्या रविवारी मात्र तिला खोटं बोलावं लागलं नाही. ओढ्यापलीकडं बाया खरंच ओळीनं वाकलेल्या होत्या, आणि थोरला इंद्रजित बायकोला घेऊन सकाळीच पुण्याहून आला होता. लावणीसाठी नव्हे. येत्या गुरुवारी प्रेरणाला भोरला ऑपरेशनसाठी दाखल व्हायचं होतं. त्यानंतर आईचं कोण करणार, एवढं ठरवायला चौघं जमली होती.

इंद्रजितची बायको शेफाली सासूच्या शेजारी घोंगडीवर बसली होती. धोंडाबाई एका जुन्या गोधडीचे दोरे उसवत होत्या. दोरे सारखे करायचे, टोकं जुळवायची, मधे एक वेढा द्यायचा आणि बाजूला ठेवायचं. शेफाली बराच वेळ बघत राहिली तेव्हा कुठं तिला कळलं की सासूबाई रोपांच्या मुठी बांधतायत.

लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात ह्याच बोटांनी तिला लावणी शिकवली होती. धनकवडीत वाढलेली मुलगी, चिखलात पाय घालायला घाबरत होती. "बोटानं रोव, मुठीनं न्हाई," धोंडाबाई म्हणाल्या होत्या, "आन मागं मागं सरायचं. मागं काय हाय ते बगायचं न्हाई, म्या हाय." दहाव्या पावलाला शेफालीचा पाय गुडघ्यापर्यंत रुतला आणि ती बसलीच. तेव्हा शेजारच्या भिमाकाकीनं तिला काखेत हात घालून उपटली होती, रोप उपटावं तशी, आणि दोघी म्हाताऱ्या पोट धरून हसल्या होत्या. म्हाताऱ्या कसल्या, तेव्हा पन्नाशीच्याच तर होत्या. बांधावर बसून सुकटाची चटणी आणि भाकरी खाल्ली होती तिनं. तशी चव पुन्हा कुठं मिळाली नाही.

"भिमाकाकी येतात का गं अजून?" शेफालीनं विचारलं.

प्रेरणाचा भाकरी थापणारा हात थांबला. "न्हाई," ती म्हणाली, आणि पुन्हा थापायला लागली.

शेफालीनं पुढं विचारलं नाही. तिच्या पर्समध्ये आईंसारख्यांना सांभाळणाऱ्या पुण्याजवळच्या एका संस्थेचं पत्रक होतं आणि ते कसं काढावं ह्याच काळजीत ती होती. गेल्या वर्षी तिनं आईंना फ्लॅटवर नेलं होतं, महिनाभर म्हणून. नऊच दिवसांत आई जिना उतरून गेल्या. तीन तासांनी सापडल्या त्या गल्लीतल्या भाजीवाल्याकडं, त्याच्या कोथिंबिरीच्या जुड्या सोडून पुन्हा बांधत बसलेल्या. शेफाली भर रस्त्यात त्यांच्यावर ओरडली होती. सगळी गल्ली बघत होती. आई तिच्याकडं बघून म्हणाल्या, "बाई, तुमी कुणाच्या?" ते आठवलं की अजूनही तिला स्वतःची लाज वाटायची. महिनाभर पुन्हा नेणं आपल्याला जमणार नाही, हे तिला पक्कं माहीत होतं आणि ते बोलून दाखवायला जीभ रेटत नव्हती.

प्रेरणाचा नवरा गोरख आला तो पोटऱ्यांपर्यंत चिखल घेऊन. सकाळी पॉवर टिलरनं स्वतःच्या वावरात चिखलणी करून आला होता. एरवी तो किकवीहून भाजीचा टेम्पो मार्केटला न्यायचा. पाय धुऊन तो ओटीवर बसला. आईनं त्याच्याकडं पाहिलं, ओळखीचं काही दिसलं नाही, आणि ती पुन्हा दोऱ्यांकडं वळली. गोरखनं तिकडं लक्ष नाही असं दाखवलं. ते त्याला छान जमायला लागलं होतं.

"येताना शिवऱ्याला थांबलो होतो," इंद्रजित प्रेरणाला म्हणाला. "तुझ्या आईनं चहा केला. म्हणाली, पोरगी दोन वर्षं दारात दिसली नाही."

"हितलं समदं कुणावर ठिवून येऊ, दादा?" प्रेरणा म्हणाली. त्यात तक्रार नव्हती, म्हणून इंद्रजितला जास्तच लागलं.

"बरं, डॉक्टरांनी काय सांगितलंय ते नीट सांग."

"गाठी हायत पिशवीला. रगत लई जातंय. पिशवी काडायची. मग दीड महिना वाकायचं न्हाई, जड उचलायचं न्हाई."

आईला रोज मोरीवर बसवायचं, उठवायचं, रात्री तीनदा बाहेर न्यायचं. हे सगळं वाकूनच करायचं काम होतं. 

"म्या म्हणतो," गोरखनं सुरुवात केली, "दिवाळीला भात निगालं की करू. तवा म्या घरीच आसतो."

"मागच्या दिवाळीला पण तुम्ही हेच म्हणाला होता, भाऊजी," शेफाली म्हणाली.

"वैनी, तुमाला हितलं काय म्हाईत..."

"तिचे ओठ बघा. पांढरे पडलेत. एवढं दिसायला इथलं काही माहीत असायला लागत नाही."

इंद्रजितला खरं तर गोरखचं पटत होतं. दिवाळी लांब होती, आणि लांबची गोष्ट त्याला नेहमीच बरी वाटायची. पण बायकोचा सूर ऐकून तो गप्प झाला आणि त्यानंच पत्रक मागून घेतलं. "हे बघ गोरख. महिना-दीड महिन्याचीच सोय. तिथं ह्याच आजाराची माणसं असतात. शिकलेल्या बायका आहेत. आईला त्रास होणार नाही."

गोरखनं पत्रक हातात घेतलं नाही. "आईला टाकून यायची?"

"टाकून कोण म्हणतंय?"

"गाव म्हणंल."

"गाव येतंय का तिला न्हाऊ घालायला?" इंद्रजितचा आवाज चढला. "कोण येतंय सांग की. दोन वर्षांत ह्या दारात कोण आलं?"

"आलं आसतं," प्रेरणा म्हणाली.

ती तव्यापुढून उठून दारात येऊन उभी राहिली होती. हाताला पीठ तसंच होतं.

"काय गं?"

"गाव आलं आसतं म्हणते म्या. डॉक्टरीणबाईंनी मला इचारलं, घरात आजून कोण हाय? म्या म्हणलं, मालक हायत, टेम्पोवर जात्यात. पोरं साळंत. त्या म्हणल्या, मग शेजारपाजार? म्या गप बसले. काय सांगू? आमी शेजार तोडला म्हणून सांगू?"

"प्रेरणा, आत जा," गोरख म्हणाला.

"न्हाई जायाची." ती त्याच्याकडं नव्हे, शेफालीकडं बघत होती. "ताई, मला आत्याबाईंचा राग येतो. आईच्या जागी हायत, समदं खरं, पर येतो राग. परवाच्याला न्हाताना हात वडत व्हत्या, म्या चापट मारली. त्या लेकरागत रडल्या. मग म्या बी रडले. आसं माणूस एकटं ऱ्हायलं की व्हतं. म्या वाईट न्हाई."

"नाहीस गं," शेफाली म्हणाली. "मीपण ओरडले होते. भर रस्त्यात." तिनं ते पहिल्यांदाच कुणाला सांगितलं. इंद्रजितनं चमकून बघितलं, पण दोघी जावांपैकी एकीचंही त्याच्याकडं लक्ष नव्हतं.

"आन आता बियाणं घावल्याचं बी सांगते," प्रेरणा म्हणाली.

गोरख उठला. पण कुठं जावं हे न कळून तिथंच उभा राहिला.

ह्या घरात आणि भिमाच्या घरात बियाणं एकत्र सांभाळायची रीत होती. धोंडाबाई सून म्हणून आल्या तेव्हापासूनची. आंबेमोहोराचं बी काढलं की दोन वाटे करायचे, एक स्वतःच्या घरात आणि एक दुसरीच्या. एका घरात उंदीर लागले, गळती झाली, काही झालं तरी दुसरीकडं बी शिल्लक. पेरणीच्या आदल्या दिवशी दोघी एकमेकींचं बी डोक्यावरून पोचतं करायच्या आणि मग चहा व्हायचा. चाळीस वर्षं एक दाणा इकडचा तिकडं झाला नव्हता. दोन वर्षांपूर्वी मात्र धोंडाबाई ओटीवर येऊन ओरडल्या होत्या, भिमानं माझं बी दिलंच नाही, चोरलं. भिमा म्हणाली, कालच दिलं की आक्का. आई कधी खोटं बोलली नव्हती. गोरखनं पारावर चार माणसांत सांगितलं की बियाणं चोरणाऱ्या घरचं पाणी पिणार नाही. आई आजारी आहे हे डॉक्टरांनी त्यानंतर पाच महिन्यांनी सांगितलं.

"शिमग्याच्या आदी गोधड्या उन्हात टाकत व्हते," प्रेरणा सांगत होती. "पेटीत तळाला गठुडं घावलं. आत्याबाईंच्या जुन्या लुगड्यात बांधल्यालं. समदं बी. किडं लागल्यालं. ह्यांना दावलं तर म्हणले, आता कशाला उकरायचं."

इंद्रजितनं कपाळाला हात लावला. त्याला स्वतःचाच फोन आठवला. "पोलिसात देऊ का विचार तिला," असं तोच पुण्यातून, शेफालीला काही न सांगता, म्हणाला होता. लहानपणी आई माहेरी गेली की भिमाकाकीच दोघा भावांना जेवायला घालायची. गोरखला ताटातला भात संपवायचा कंटाळा, तर ती भाताचे घास करून त्यावर एकेकाचं नाव घालायची, हा मामाचा, हा बैलाचा.

"हे मला का नाही सांगितलंस?" त्यानं गोरखला विचारलं.

"सांगून काय केलं आसतंस?"

 आतापर्यंत दिवाळीच्या मुद्द्यावर मनातून तरी दोघं भाऊ एका बाजूला होते. आता गोरखच्या बाजूला कुणीच उरलं नाही.

"भिमाकाकी आली तर समद्या जणी येतील," प्रेरणा म्हणाली. "वावराची सावड करत्यात, आज हिच्याकडं, उद्या तिच्याकडं. तशी घराची करतील. पर तिच्या नावाला डाग लावून आपुन तिला कुठल्या तोंडानं बोलवायचं? तुमी जाऊन सांगा. पारावर बोलला तसं चार माणसांत सांगा. न्हाईतर आत्याबाईंना संस्थेत ठिवा, न्हाईतर मला दिवाळीपातूर हितंच आसं ऱ्हाऊ द्या. काय करायचं ते तुमी ठरवा."

गोरखनं चप्पल घातली नाही. तसाच निघाला.

ओढ्यापर्यंतची वाट पाच मिनिटांची. लहानपणी ह्या वाटेनं तो कितीदा बियाण्याच्या पाटीमागं धावला होता. पुढं दोघी बाया, डोक्यावर पाट्या, सांडलेला दाणा वेचायचं काम त्याचं. सांडायचे दोन-चारच, पण त्याला वाटायचं आपल्यावाचून पेरणी अडेल. भिमाकाकी मुद्दाम दोन दाणे पाडायची हे त्याला मोठेपणी कळलं. तिच्याच नावानं आपण पारावर बोललो, आणि बी सापडल्यावरसुद्धा चार महिने गप्प बसलो. चूक कबूल करायला लागू नये म्हणून बायकोचं रक्त जाऊ देत होतो, एवढं सरळ त्यानं स्वतःला आजवर सांगितलं नव्हतं.

वावरात दहा बाया होत्या, प्लॅस्टिकच्या खोळी पांघरून. मधोमध भिमा. तो बांधावर उभा राहिला. एकीनंही मान वर केली नाही.

"भिमाकाकी," तो मोठ्यानं म्हणाला. सगळ्यांना ऐकू जायला हवं होतं. "आमचं बी घावलं."

रोवणारे हात थोडे मंदावले. भिमानं हातातली मूठ संपवली. "कवा?"

"शिमग्याच्या आदी."

"आन आता आषाढ चाललाय."

"व्हय. आईनंच ठिवलं व्हतं, गोधड्यांच्या पेटीत. तुमी न्हाई नेलं. म्या पारावर बोललो ते खोटं व्हतं. ते हितं समद्यांम्होरं सांगायला आलो."

"धोंडाक्काला कळलं का बी घावल्यालं?"

"तिला काय बी कळत न्हाई, काकी. इसरली समदं. दोन वर्सं झाली. मला बी वळखत न्हाई."

आता भिमा सरळ उभी राहिली. कमरेवर हात ठेवून त्याच्याकडं बघत राहिली. "आक्काचं गुडघं दुकत्यात म्हणून भाईर येत न्हाई, आसं सांगत व्हतास ना?"

"लाज वाटायची. आई कशी व्हती ते तुमाला म्हाईत हाय. तिला आसं कुणी बगू नये वाटायचं."

"आन म्या काय समजले? दिवसाढवळ्या दाराला कडी. म्हणलं, आक्काला माझं त्वांड बगायचं न्हाई. दोन वर्सं तुमच्या दारावरनं मान खाली घालून गेले म्या."  मग तिनं नाक शिंकरलं. "आजच कशी रं आठवण झाली? कामापुरता आलास व्हय?"

खोटं बोलायचं आता त्याच्यात त्राण नव्हतं. "व्हय. कामापुरताच आलोय. प्रेरणाचं आपरेशन हाय बेस्तरवारी. घरात कुणी न्हाई."

भिमानं हातातली रोपं शेजारणीला दिली. ओढ्यात पाय धुतले, खोचलेलं लुगडं खाली सोडलं आणि चालायला लागली.  बांधावरून तीन-चार बाया तिच्यामागं निघाल्या, आणि सगळ्यांत मागून गोरख.

प्रेरणानं त्यांना येताना पाहिलं. ह्या भांडायला येतायत की काय, हे चेहऱ्यावरून कळत नव्हतं. भिमा ओटीवर चढली आणि धोंडाबाईंच्या समोर टेकली. दोघींमध्ये दोऱ्यांचा ढीग होता. भिमानं त्यातली एक जुडी उचलली, उलटसुलट पाहिली आणि तिचे डोळे भरून आले.

धोंडाबाईंनी मान वर केली. बराच वेळ बघितलं.

"भिमे," त्या म्हणाल्या.

गोरख दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. सहा महिन्यांत आईनं त्याचं नाव घेतलं नव्हतं. इंद्रजितला तर सकाळी 'पावनं' म्हणाली होती. शेफालीनं प्रेरणाचा हात पकडला. क्षणभर सगळ्यांना वाटून गेलं की झालं, आता सगळं जाग्यावर येणार.

"माझं बी दे," धोंडाबाई म्हणाल्या. "तू नेलंस माझं बी."

"आई, आगं घावलं बी," गोरख पुढं झाला. "काकीनं न्हाई नेलं."

प्रेरणानं आतून गठुडं आणलं, सोडून पुढं ठेवलं. धोंडाबाईंनी त्यात बोट घातलं आणि गठुडं ढकलून दिलं. "हे माझं न्हाई. किडकं हाय. माझं हिनं नेलं. उद्या प्येरायचंय, म्या काय प्येरू? मालक काय म्हणतील मला?" मालकांना जाऊन अकरा वर्षं झाली होती. त्या बांधलेल्या मुठी एकेक करून सोडायला लागल्या, आवाज रडवेला झाला. हे एकदा सुरू झालं की दुपारपर्यंत चालायचं, प्रेरणाला माहीत होतं. ओटीखाली बाया उभ्या होत्या, त्या ऐकत होत्या. पुन्हा तेच, पुन्हा चार माणसांत. प्रेरणाला वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं.

भिमा थोडी पुढं सरकली. तिनं धोंडाबाईंचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले.

"व्हय आक्का," ती म्हणाली. "म्याच नेलं."

"काकी," गोरख म्हणाला. भिमानं त्याच्याकडं न बघता हात वर करून त्याला थांबवलं.

"का नेलंस?" धोंडाबाईंनी विचारलं.

"चुकले. आमच्यात उंदरं लागली व्हती."

"मग मागायचं. म्या न्हाई म्हणले आसते का?"

"नसतीस म्हणली."

"आणून दे."

"उद्या सकाळच्याला आणून देते."

"इसरशील तू."

"इसरले तर परवा आणीन. रोज येते, मग तर झालं?"

धोंडाबाई विचारात पडल्या.  त्या घोंगडीवर जरा सरकल्या आणि शेजारी जागा थोपटली. "बस. च्या घिऊन जा," म्हणाल्या. "चोर आसलीस तरी माझी मैतरीण हायस."

ओटीखालच्या बायांतली एक पदरात हसली, आणि तिच्याबरोबर दुसरी रडलीसुद्धा. शेफाली आत जाऊन चहाचं आधण ठेवू लागली. पहिले आठ दिवस आपणच रजा टाकून राहायचं, हे तिनं भांडं हातात घेताघेता ठरवलं आणि इंद्रजितला नुसतं सांगितलं, विचारलं नाही. प्रेरणानं ओटीवर पडलेलं पत्रक उचलून त्याची घडी केली. "ताई, ह्यांस्नी फोनवर इचारता येतं का, न्हाऊ कसं घालायचं, रातीचं झोपत न्हाईत तर काय करायचं?" "येतं," शेफाली आतून म्हणाली, "त्यासाठीच असतात ते."

गोरख ओटीच्या कडेला बसला होता. दहा बायांसमोर त्यानं भिमाकाकीचं नाव धुऊन दिलं होतं. त्याला अर्धा तास झाला नसेल, आणि तिनं तो डाग आपल्या हातानं परत लावून घेतला होता, त्यांतल्याच तीन-चौघींसमोर, आता रोज सकाळी लावून घेण्यासाठी. तो तिच्या पायांवर वाकायला गेला तर तिनं खांद्याला धरून थांबवलं.

"बेस्तरवारी किती वाजता निगताय?" तिनं प्रेरणाला विचारलं.

"सातला," प्रेरणा म्हणाली. 

"मग म्या सहालाच येते," भिमा म्हणाली. "चोरल्यालं परत करायचं तर गाव उठायच्या आदी आल्यालं बरं."